राखून ठेवलेला डाव

माळगे गावात त्या वर्षी दोन तालमी होत्या. एकीत माती होती आणि पोरं नव्हती. दुसरीत पोरं होती आणि मातीचा कणही नव्हता. पंचगंगेकाठचं हे गाव. इथं मूल जन्माला आलं की आधी त्याच्या मांड्या बघतात आणि मग नाकडोळे, असं शेजारची गावं चेष्टेनं म्हणतात. माळग्याला त्याचा राग येत नाही. चेष्टा खरी असेल तर राग कशाला यावा?

बिनमातीच्या तालमीला लोक छायातालीम म्हणत. तिथं लंगोटाऐवजी 'कातडं' चढवायचं. कातडं म्हणजे अंगाला घट्ट बसणारा पोशाख. त्याच्या अस्तरात बारीक बारीक पिशव्या असत, क्षणात फुगणाऱ्या आणि क्षणात आक्रसणाऱ्या. डोळ्यांवर चष्मा बसला की समोर कुस्तीचा हौद दिसे आणि हौदात जोडीदार उभा असे. त्यानं मनगट धरलं की कातडं मनगटाशी आवळे, आणि हाडामांसाच्या माणसानंच धरलंय अशी खात्री पटे. छताला टांगलेला एक पाळणा पैलवानाला तोलून धरी, उचली, फिरवी आणि वेळ आली की गादीवर पाठीवर आपटी. मार लागत नसे, पण लाज मात्र पुरेपूर वाटे.

आणि हौदातला तो जोडीदार होता सातगोंडा वस्ताद. खरे वस्ताद नव्हेत. ते सत्तरीच्या पुढं गेले होते आणि गुडघ्यांना तेल चोळत मातीच्या तालमीच्या पायरीवर बसत. हौदात असायची त्यांची छाया, तिशीतली, पिळदार मिशीची.

गाव या छायेवरून दुभंगलं होतं. पोरींच्या आया खूश होत्या, कारण परक्या पुरुषाचा हात न लागता पोरी कुस्ती शिकत होत्या आणि बक्षिसं आणत होत्या. मातीवाल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. "चष्म्यातली भाकरी खाऊन पोट भरतंय का?" असं ते चारचौघांत विचारत. गुडघे गेलेले जुने पैलवान दुपारी हळूच छायातालमीत जाऊन एक कुस्ती मारून येत आणि संध्याकाळी पारावर बसून छायेला शिव्या घालत. दूरदेशीच्या छायातालमींतली पोरं कुस्तीआधी या छायेच्या पाया पडतात, अशी बातमी आली तेव्हा मात्र दोन्ही बाजूंनी मिळून पेढे वाटले.

हे सगळं घडवलं होतं डॉ. मुक्ता शेडबाळेनं. ती माळग्याचीच. तिचे वडील सातगोंडा वस्तादांचे पट्टे, तालमीतले शिष्य. ती शहरात शिकून शास्त्रज्ञ झाली आणि तीन वर्षांपूर्वी वायरींचं गाठोडं घेऊन मातीच्या तालमीच्या दारात उभी राहिली.

"फोटो काढायला आलीस व्हय?" वस्तादांनी विचारलं होतं.

"नाही, वस्तादकाका. फोटोत तुम्ही केलं तेवढंच दिसतं. आम्ही स्नायुलेख घेतो. हात हलायच्या आधी दंडातला स्नायू तयार होतो. ती तयारी आम्ही नोंदवतो. तुम्ही काय केलं हे यंत्राला नकोच आहे. तुम्ही काय करायला निघाला होता, ते हवंय."

"आन् त्याचं करतीस काय?"

मुक्तानं गाठोडं खाली ठेवलं. "सुनेनं सासूच्या हाताची चव उचलली की सासूनं जन्मात न केलेली भाजीसुद्धा ती त्याच चवीची करते न्हवं का? तसंच. यंत्र तुमचे डाव पाठ करणार नाही, तुमच्या हाताची चव उचलणार. नवा डाव समोर आला तर तुम्ही काय केलं असतं, ते त्याला आपोआप कळेल."

"म्हंजे सासू गेली तरी चव ऱ्हाती म्हण की," वस्ताद म्हणाले आणि कबूल झाले. तालमीत तेव्हा दोनच पोरं उरली होती, आणि आपली विद्या आपल्याबरोबर सरणावर जाणार या विचारानं त्यांना जेवण गोड लागत नव्हतं.

त्यांनी सगळे डाव दाखवले. एक सोडून.

वस्ताद आपल्या पट्ट्याला सगळं शिकवतो आणि एक डाव राखून ठेवतो, हे कुस्तीच्या मुलखात शेंबडं पोरही जाणतं. सातगोंडांना त्यांच्या वस्तादांनी तो डाव मरणाच्या आदल्या वर्षी, तालमीचं दार लावून दिला होता. त्याला नाव नव्हतं. नाव ठेवलं की तो बोलण्यात येतो, म्हणून ठेवलंच नव्हतं.

पण स्नायू लबाडी करत नाहीत. एका विशिष्ट पकडीत आलं की वस्तादांचा खांदा आपसूक त्या डावासाठी तयार होई आणि मग ते त्याला आवरत. मुक्ताच्या पडद्यावर एक रेघ सरसर चढे आणि मधेच तुटे. तिचे सहकारी म्हणाले, पुढची रेघ यंत्राला ताडू दे, त्याला जमेल. मुक्तानं साफ नकार दिला. ती पैलवानाची पोर होती. तिनं यंत्राला बजावलं की हे थांबणं म्हणजे चूक नाही, वस्तादपणाचाच भाग आहे. ते जसंच्या तसं उचल.

"काका, ती जागा मी मोकळी सोडली आहे," ती हळूच म्हणाली होती. वस्तादांचा ऊर भरून आला. शिकून मोठी झाली, पण मातीची रीत विसरली नाही.

त्या यशानंतर मुक्ताच्या संस्थेनं मागं वळून पाहिलं नाही. याच साच्यावरून नामांकित शल्यविशारदांच्या छाया झाल्या, वैमानिकांच्या झाल्या, धरणांचे दरवाजे सांभाळणाऱ्या अभियंत्यांच्या झाल्या. आता देशभर शिकाऊ डॉक्टर छायेकडूनच चाकू धरायला शिकत. वर्तमानपत्रांत याच्या बाजूनं आणि विरुद्ध रकानेच्या रकाने भरत. वस्ताद ते वाचून घेत आणि म्हणत, "बीज कुठलं? माळग्याचं!"

त्या साली माळसिद्धाच्या जत्रेआधी यात्रा कमिटीची बैठक बसली आणि गाव हमरीतुमरीवर आलं. छायावाल्यांना मैदानात छायेची कुस्ती हवी होती. मातीवाल्यांचा म्होरक्या होता सुभान जमादार, वस्तादांचा शेवटचा आणि सगळ्यांत तयारीचा पट्टा. तो उठून उभा राहिला.

"वस्ताद सोता छायेबरोबर कुस्ती धरतील. छाया पडली तर छायातालमीनं तोंड मिटायचं. वस्ताद पडले तर आपल्या हौदाला मी माझ्या हातानं कुलूप लावतो. हाय कबूल?"

सगळं गाव वस्तादांकडं बघायला लागलं. नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. गुडघ्यांचा प्रश्न मुक्तानं सोडवला. कातडं त्यांच्या सांध्यांना आधार देणार होतं, ताकद दोघांची सारखी धरणार होतं. उरणार होती फक्त विद्या.

पण जाण्याआधी ती पायरीवर त्यांच्याजवळ टेकली. "काका, एक गोष्ट ध्यानात ठेवा. छाया प्रत्येक कुस्तीतून शिकते. राखलेला डाव तुम्ही टाकलात, तर त्याच क्षणी तो तिचा झाला. आणि ती शिकवते साऱ्या जगाला."

वस्ताद पेचात पडले. डाव टाकावा तर पिढ्यानपिढ्या दाराआड जपलेलं ते धन चव्हाट्यावर येणार. न टाकावा तर हौदाला कुलूप. शिवाय तो डाव सुभानला द्यायचा, हे त्यांनी मनात कधीच पक्कं केलं होतं. त्यांनी सुभानला बोलावून सगळं सांगितलं.

"माज्यासाठी ठिवू नगा, वस्ताद," सुभान म्हणाला. "हौद ऱ्हायला तर डाव पुन्ना जन्मतील. हौदच गेला तर एकटा डाव घिऊन मी काय करू?"

जत्रेच्या मैदानात माणूस माणसाला चिकटून बसला होता. मधोमध पाळणा उभारला होता आणि त्यामागं भलामोठा पडदा. हलगी कडाडली. वस्तादांनी कातड्यावरून मूठभर तांबडी माती अंगाला लावली. त्याचा काही उपयोग नव्हता, पण कुणी हसलं नाही. मग त्यांनी चष्मा चढवला.

समोर ते स्वतःच उभे होते. केवढी ती छाती, केवढी ती मान! अशा गड्याशी आपण कधी लढलोच नाही, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना हसू फुटलं. छायेनं शड्डू ठोकला. सलामी झाली.

कुस्ती लांबली. वस्तादांनी पट काढायला जावं आणि छायेनं पाय आधीच मागं घेतलेला असावा. छायेनं कब्जा घ्यावा आणि वस्तादांनी मासळीसारखं निसटावं. दोघांना एकमेकांच्या मनातलं कळत होतं, कारण मन एकच होतं. मैदानातले मातीवाले आणि छायावाले कोणाच्या नावानं ओरडायचं हेच विसरले आणि नुसतं "वस्ताद! वस्ताद!" करायला लागले.

आणि मग ती पकड आली. ज्या जागी वस्ताद आजवर थांबत आले होते, नेमकी तीच. खांदा तयार झाला. कडेला सुभान मुठी आवळून उभा होता. वस्तादांनी खांदा आवरला नाही.

बिननावाचा डाव पडला. छायेचे पाय जमिनीवरून सुटले, मैदान एका आवाजात उठलं. पण छाया हवेतच कुठंतरी दुमडली. तिचा एक हात वस्तादांच्या काखेतून मानेमागं गेला, दुसरा कुठून आला ते कळलंच नाही, आणि पुढच्या क्षणी वस्तादांना आस्मान दिसलं. ते चितपट पडले होते.

हलगीवाल्याची काडी हातातच राहिली. सुभान धावत आला, त्यानं चष्मा काढला आणि बघतो तो काय, वस्ताद हसत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"काय डाव मारला रं! असला डाव मी जन्मात बघितला न्हाई. आन् मारला कुणी? मीच न्हवं का!" ते उठून बसले आणि त्यांनी स्वतःच्या मांडीवर शड्डू ठोकला. "पोरगं बापाच्या वर गेलं!"

त्यांचा अभिमान गावालाही चढला. क्षणापूर्वी रडवेले झालेले मातीवाले टाळ्या पिटू लागले. हरलं तरी माळगं आणि जिंकलं तरी माळगंच.

एकटी मुक्ता टाळ्या वाजवत नव्हती. संध्याकाळी छायातालमीत वस्ताद आणि सुभान तिला भेटायला गेले, तेव्हा ती पडद्यासमोर बसून होती.

"काका, छायेच्या तीन वर्षांतल्या जगभरच्या सगळ्या कुस्त्या मी चाळल्या," ती म्हणाली. "हा डाव तिनं कधीच टाकलेला नाही. लाखो कुस्त्यांत एकदाही नाही. आणि हा डाव तिला आज सुचलेला नाही. त्याच्या तयारीची रेघ दोन वर्षांपूर्वीपासून दिसते. सरसर चढते आणि तुटते. या काळात छाया कितीदा तरी हरली, पण तिनं तो टाकला नाही."

"म्हंजे राखला?" सुभाननं विचारलं.

"मला तिला विचारता येत नाही. डाव तिच्यात यादीसारखे लिहिलेले नसतात, की काढून बघावेत. सुनेच्या हातातली चव चिरून कुठं काढता येते?"

वस्तादांनी पुन्हा कातडं चढवलं. "थांब. मी काढून घेतो." त्यांनी छायेला पुन्हा पुन्हा त्याच पकडीत आणलं आणि आपला डाव टाकला. प्रत्येक वेळी छाया मुकाट्यानं पाठीवर पडली. चौथ्यांदा ती पडली तेव्हा वस्तादांनी तिच्या तोंडाकडं नीट पाहिलं आणि चष्मा उतरवला.

"मुद्दाम पडतोय," ते म्हणाले. "माज्या वस्तादासारखा. पट्ट्याचं मन ऱ्हावं म्हणून तेबी असंच पडायचं." त्यांचा चेहरा अजून अभिमानानं फुललेला होता. "पोरी, तू माजा डाव चोरला न्हाईस, पण त्याला माजं वस्तादपण दिलंस. पक्का वस्ताद झाला की गं!"

मुक्ताचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. "काका, बाकीच्या सगळ्या छाया याच साच्यावरून बेतल्या आहेत. डॉक्टरांच्या, वैमानिकांच्या, धरणावरच्या. थांबणं हाही विद्येचा भाग आहे, हे मी पहिल्यांदा या छायेला सांगितलं आणि त्या सगळ्यांनी तिच्याकडूनच उचललं. त्यांनी काय काय राखून ठेवलंय, ते मला ठाऊक नाही." ती वस्तादांकडं वळली. "माझ्या बाबांना मी लहानपणी विचारलं होतं, वस्ताद डाव राखतो कशासाठी? ते नुसते हसले होते. तुम्ही सांगा."

वस्ताद सहजच बोलून गेले, "वैऱ्यासाठी न्हाई राखत. वैऱ्याला बाकीचे डाव पुरतात. त्यो पट्ट्यासाठी असतोय. पट्टा शिकून दांडगा झाला, माजला, वस्तादावरच उलटला, तर त्या दिवशी..."

वाक्य त्यांच्या तोंडातच राहिलं. बाहेर छायातालमीच्या दारात कातडं चढवायला पोरापोरींची रांग लागली होती. आत शिरणारा प्रत्येक जण चष्मा लावल्यावर आधी खाली वाकून, समोर कुणी नसलेल्या जागी, पायाला हात लावत होता. देशभर छायांच्या पट्ट्यांच्या अशा किती रांगा असतील, ते मुक्ताला ठाऊक होतं.

सुभाननं खिशातून कुलूप काढलं. पैलवानाची जबान होती. "येतो, वस्ताद. हौद बंद करून येतो."

"कुलूप दे हिकडं," वस्ताद म्हणाले. गुडघ्यावर हात देऊन ते उठले. "जबान मोडल्याचं पाप माज्यावर. चल, हौद उकरायला घे."

"आत्ता?"

"आत्ताच. त्यो डाव माज्या अंगानं खाल्लाय. अंगाला याद हाय तवर त्याची तोड शोधायला पायजे. मुक्ता, तूबी चल. ती यंत्रं हितंच ठिव, चष्मा बी हितंच."

तिघं मातीच्या तालमीत आले. सुभाननं खोरं हातात घेतलं. वस्तादांनी एकदा बाहेर डोकावून पाहिलं, आणि त्यांच्या वस्तादांनी लावलं होतं तसं दार आतून लावून घेतलं.