वाळ्याचं पाणी

मुलगी झोपली की लिहिते, उठली की थांबते. कुठं तुटक वाटलं तर सांभाळून घ्या. पण यातलं एकही अक्षर रचलेलं नाही. ती लाल गाडी अजून आमच्या पत्र्याखाली उभी आहे. ज्याला खोटं वाटतं त्यानं यावं, हात लावून बघावं.

फक्त दुपारी बाराला यावं.

मी दिपाली. माहेर पिशोर, सासर वेरूळ. माझे मिस्टर, अंगद, आधी चिकलठाण्याला कंपनीत होते. नोकरी सोडून त्यांनी आमच्या डोंगराकडच्या रानात क्वाड बाईकचा ट्रॅक काढला. चार जाड चाकांच्या, मातीत उड्या मारणाऱ्या गाड्या. लेणी बघायला आलेली पोरं हौसेनं चालवतात. दोनच गाड्या. एक लाल, एक निळी.

त्या सांभाळायचे माझे सासरे, सूर्यभान आबा. सगळी हयात मेंढरांमागं गेलेली. गाड्यांशीही तसंच वागायचे. फेरी संपली की लगेच बंद करू द्यायचे नाहीत. "धापा टाकतंय ते. जरा उभं राहू द्या." पुढच्या रेडिएटरच्या जाळीत बसलेला चिखल मऊ ब्रशनं काढायचे. जाळीमागचा, इंजिन गार करणारा फॅन फिरतोय का ते कान लावून ऐकायचे. मगच चावी काढायची.

तापल्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण कुणी उघडायला गेलं की ओरडायचे, "तोंड भाजंल. आधी टकटक थांबू दे."

तापलेलं इंजिन गार होताना आवाज करतं. टक... टक... आत लोखंड आवळत जातं म्हणे.

आबांचा एक नेम होता. मेंढरांना पाजल्याशिवाय आपण पाणी प्यायचं नाही. मेंढरं गेली, गाड्या आल्या, नेम तोच राहिला. लाल गाडीला लाली म्हणायचे. रोज सकाळी मला विचारायचे, "दिपा, लालीला पाजलं का?" मग माझ्या हातून स्वतःच्या पिण्याच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन घ्यायचे. त्यात मी वाळ्याची जुडी टाकायचे. आमच्या मुलीच्या, संस्कृतीच्या, जुन्या झबल्याच्या पिवळ्या नाडीनं बांधलेली.

"तुझ्या पाण्याला रानाचा वास येतो पोरी," म्हणायचे.

गेल्या वर्षी, १९ मे. आबा लाल गाडी घेऊन ट्रॅकच्या पार टोकाला खुणेचे झेंडे रोवायला गेले. तिकडं एक झाड नाही.

चार वाजता सापडले. गाडीला टेकून बसलेले... ओठ फुटलेले.

ऊन लागलं, डॉक्टर म्हणाले.

ह्यांनी कॅन उंबऱ्यावर आणून ठेवला. एवढंच बोलले, "आबांनी कॅन रिकामाच नेला होता."

त्या दिवशी संस्कृतीला ताप होता. जेमतेम वर्षाची. सकाळपासून कडेवर. कॅन भरल्याचं मला आठवत होतं... पण सगळे माझ्याकडं बघायला लागले आणि आठवेनासं झालं.

तेराव्याला सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सुनंनं घोटभर पाणी दिलं असतं, तर माझं माणूस उठून घरी आलं असतं."

हे तिथंच बसले होते. नंतर माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "चुकतं माणूस. मी कधी बोललो का तुला?"

मला वाटलं, केवढ्या मनाचा नवरा मिळालाय.

लाल गाडीवर त्यांनी ताडपत्री टाकली. "आबांची आठवण हाय. कुणी हात लावायचा नाय."

यालाही मी मायाच समजले.

वर्ष गेलं.

यंदाचा १९ मे. दुपारचे बारा. मी ओसरीत संस्कृतीचं ताट काढत होते.

...टक.

पाल असेल म्हटलं.

टक... टक...

पत्र्याखालून येत होतं. निळी गाडी तर ट्रॅकवर होती, तिची घरघर लांबून ऐकू येत होती.

मी ताडपत्रीखाली हात घातला.

चटका बसला. बोटाला फोड आला. गाडीची चावी वर्षभर आमच्या देव्हाऱ्यात आहे.

मागून संस्कृती म्हणाली, "आई, लाली पाणी प्याली."

तिची बाटली चाकाशी पडली होती. झाकण घट्ट लावलेलं. आत थेंब नाही. खालची माती कोरडी.

"तू सांडलंस ना?"

"नाय. आबांनी पाजलं."

आबा गेले तेव्हा तिला आबा म्हणताही येत नव्हतं.

मी पळायला पाहिजे होतं. पण पोरीला कडेवर घेऊन तिथंच बसले. आबांनी सांगितलं होतं तसं, टकटक थांबायची वाट बघत.

टक......... टक...............

थांबलं.

मी रेडिएटरचं झाकण फिरवलं.

आणि वाळ्याचा वास आला.

आत हिरवं कूलंट नव्हतं. साधं पाणी होतं. तोंडाशी वाळ्याची काडी अडकलेली. काडीला पिवळी नाडी.

मी कॅन भरला होता... मी भरला होता.

वाकून जाळीच्या मागं बघितलं. फॅनच नव्हता. नुसती वायर, तिच्या टोकाला नीट गुंडाळलेली चिकटपट्टी.

संध्याकाळी हे हात धूत असताना विचारलं, "लालीचा फॅन कुठाय?"

पाणी वाहत राहिलं.

"निळीचा जळला होता. सुट्ट्यांची गर्दी. लालीचा काढून तिला लावला. म्हटलं, आबा हळू चालवत्यात, एका दिवसानं काय होतंय."

"आबांना सांगितलं होतं?"

ह्यांनी पुन्हा साबण घेतला.

"आणि कॅनचं?"

"आबा सापडले तेव्हा रेडिएटरचं झाकण उघडंच होतं. मीच लावलं." टॉवेल शोधायला लागले. "सगळं पाणी त्यांनी तिलाच पाजलं, दिपा. स्वतः घोट नाय घेतला. आईला हे कसं सांगणार होतो?"

"म्हणून माझं नाव घेतलं?"

"तू घरचीच ना. तुझ्यावर कोण किती दिवस रुसून बसणार होतं?"

अगदी समजूत घातल्यासारखं बोलले. संस्कृतीला सांगतात ना, तसं.

त्याला आता आठ दिवस झाले. रोज दुपारी बाराला लाली तापते. सासूबाईंना अजून काही सांगितलेलं नाही. ह्यांनीही नाही.

सकाळी मी ह्यांचा कॅन भरते. वाळा टाकते. उंबऱ्यापर्यंत जाईतो कॅन हलका होतो... आत वाळ्याची ओली जुडी तेवढी उरते. जमीन कोरडीच. रोज म्हणते, "थांबा, पुन्हा भरून देते." दुसऱ्यांदा भरलेलं राहतं.

आज निळी घेऊन हे टोकाला झेंडे रोवायला निघाले. एकटेच. कॅन हलका झाला.

मी तसाच दिला.

हे फोनवर बोलत होते. न बघता गाडीला अडकवला आणि गेले.

आता बारा वाजलेत. निळीची घरघर मघाशीच थांबली. फोन लावावा, नाहीतर कॅन घेऊन पळावं, एवढं मला कळतंय.

पत्र्याखाली सुरू झालंय.

टक... टक...

संस्कृती माझ्या मांडीवर गाढ झोपली आहे. आत्ता तिचे ओठ हलले. आवाज तिचाच, बोलणं तिचं नव्हतं.

"दिपा... अंगदला पाजलं का?"

मी अजून उठलेले नाही.