ढाडीनं गाळलेलं नाव

ओमप्रकाश मनानं चांगला होता, असं तांड्यात आजही कोणी म्हणत नाही. पण त्या सकाळी तो निघाला होता साध्याच कामाला. पोराचा साखरपुडा होता, आणि त्याआधी घराण्याची वंशावळ गाऊन घ्यायची त्यांच्या घरची रीत. म्हणून तो मोटरसायकल काढून कनेरगाव नाक्याला म्हाताऱ्या नेमसिंगला आणायला गेला. नेमसिंग ढाडी, घराण्यांची नावं पिढ्यानपिढ्या तोंडपाठ ठेवून गाणारा.

धाब्यावर चहा पिता पिता ओमप्रकाशनं पोटातलं ओठावर आणलं. थोरला भाऊ भीमसिंग दिवाळीत वारला होता. मागं एकुलती लेक दिपा. वारस कोण, ते तांड्याचे पंच तलाठ्यापुढं सांगणार होते, आणि पंच सांगणार ते ढाडी गाईल तेच.

"भीमसिंगाच्या नावापाशी थांबायचं, बाबा. दिपा गाळायची. सगळं वावर माझ्या पोराला पाहिजे."

नेमसिंगनं कप खाली ठेवला. "ह्या घराण्यात एक नाव आधीच गाळलंय. देवला. तुमचे लोक बैलांवर कोकणातून मीठ आणायचे, तवाची गोष्ट. धाकट्या भावानं तापानं फणफणलेल्या थोरल्या देवलाला खाडीकाठी टाकलं, बैल घेतले न् निघून आला. देवला भरतीत गेला. धाकट्यानं घरी सांगितलं, मला भाऊच नव्हता. माझा बाप म्हणायचा, एक जागा रिकामी हाय तवर देवला बाहेर बसून राहील. दुसरी रिकामी केली, तर आत येईल."

"समिंदर इथून किती लांब हाय, ठाऊक हाय का?" ओमप्रकाश हसला. "काहून भेव दाखवून राहिला? गायचं नसंल तर ह्या तांड्यात पुन्हा पाय ठेवू नको."

म्हातारा उठून मोटरसायकलवर मागं बसला. त्याच्या पोटाला दुसरा आधार नव्हता.

दुपारी अंगणात मांडव भरला. पंच पुढं बसले. बाजेवर नवा सदरा घालून नवरदेव बसला होता, चांगला धडधाकट, पंचविशीतला गडी. नेमसिंगनं किंगरीच्या तारेवर गज ओढला. नावामागून नाव येत गेलं. भीमसिंगाचं नाव आलं. तार थरथरली...

"भीमसिंगाच्या पोटी... कोणी न्हाई."

पाहुण्यांना पाणी देणारी दिपा जागच्या जागी थांबली.

तेवढ्यात वारा पडला आणि कसला तरी ओला, खारट, कुजका वास मांडवात शिरला. तसा वास त्या रखरखीत मुलखात कोणी कधी घेतला नव्हता. लांबून काहीतरी मोठं लोळत यावं तसा आवाज येऊ लागला. नेमसिंग घाईघाईनं पुढचं नाव गाऊ लागला.

"ओमप्रकाश... त्याच्या पोटी..."

तो अडखळला. "ओमप्रकाश, तुझ्या पोराचं नाव काय?"

ओमप्रकाशनं सांगायला तोंड उघडलं. नाव नव्हतं. त्यानं बायकोकडं पाहिलं. मिना पांढरीफटक पडली होती.

"मला न्हाई आठवून राहिलं..." ती पुटपुटली. "अवो, माझ्या लेकराचं नाव..."

"तू सांग रे! तुझं नाव सांग!" ओमप्रकाश पोरावर खेकसला.

पोरानं तोंड उघडलं. शब्दाऐवजी पाणी आलं. हनुवटीवरून सदऱ्यावर, सदऱ्यावरून मातीत. थांबेचना. डोळे पांढरे करत तो श्वासासाठी धडपडू लागला, आणि सदऱ्यावर मीठ फुलू लागलं.

"मला ठाऊक हाय त्याचं नाव," दिपा म्हणाली. तिच्या आवाजात दया नव्हती. "मला गाळलं, म्हणून माझ्यापाशी ते राहिलं. घेते. मग तो बराबर हुईल. पण आधी माझं नाव घ्या, काका. पंचांपुढं. मोठ्यानं."

"घ्या की हो!" मिना किंचाळली.

ओमप्रकाश वळला. हिला त्यानं खांद्यावर बसवून औंढ्याची जत्रा दाखवली होती. सकाळीच धाब्यावर हिचं नाव त्याच्या तोंडात होतं; आता तेही नव्हतं. तो पुतणीच्या चेहऱ्याकडं पाहत राहिला, पाहतच राहिला.

"पोरी..." तो रडकुंडीला आला. "माय माझी..."

"नाव, काका."

पोराच्या पायाशी साचलेलं पाणी हळूच मागं सरलं, क्षणभर थांबलं, आणि पहिल्यापेक्षा थोडं पुढं आलं. दिपानं पाण्याची कळशी खाली ठेवली आणि ती पंचांशेजारी जाऊन बसली. तिला कसलीच घाई नव्हती.