दारातला पूल

चहाचा ट्रे घेऊन लिनेट शेडच्या दारात आली आणि नेहमीसारखी वाकली... पाठीतून कळ गेली, तिने ओठ घट्ट मिटले आणि कपातला थेंबही सांडू न देता दारात आडव्या असलेल्या त्या पुलाखालून आत शिरली. साठीला टेकलेली बाई, पण वीसेक वर्षं दर शनिवारी तिचा हा मुजरा चालू होता.

आत बापाचा जुना दोस्त मर्व्ह छोट्या मॉडेल गाड्या चालवत होता. ज्याची ही रेल्वे, तो तिचा बाप क्लॅरी मात्र दाराबाहेर खुर्चीत बसला होता. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्याला वाकता येत नव्हतं. स्वतःच्या रेल्वेत त्यालाच प्रवेश नव्हता!

"लॅमिंग्टन केक ठेवलेत, बाबा. हाताशीच आहेत."

"हं."

बापलेकीत एवढंच बोलणं उरलं होतं.

जन्मभर इंजिन हाकून निवृत्त झालेल्या क्लॅरीने परसातल्या या पत्र्याच्या शेडमध्ये, भिंतींच्या कडेने कमरेइतक्या उंच फळ्यांवर, अख्खं वेरिस क्रीक हे रेल्वेचं गाव छोट्या रूपात मांडलं होतं. वीतभर स्टेशन, गव्हाच्या कोठ्या, धुरकट इंजिन-शेड, सगळं. रूळ गोल फिरून दारावरूनच जायचे, म्हणून दारात बिजागरीचा पूल होता. आत यायचं तर तो उचलायचा, आणि त्याचा नियम जेवणाआधीच्या प्रार्थनेइतका पक्का. आधी बटण बंद करायचं, म्हणजे पुलालगतच्या रुळांतली वीज जाते आणि येणारी गाडी अलीकडेच थांबते. मग 'पूल वर' अशी हाक द्यायची आणि मगच पुलाला हात लावायचा.

लिनेटची आई थेल्मा शेवटच्या आजारात होती, त्या हिवाळ्यातली गोष्ट. क्लॅरीने पितळेचं एक इंजिन घडवलं होतं आणि थेल्माने थरथरत्या हाताने, एका केसाच्या ब्रशने, त्यावर नंबर रंगवला होता. ते धावताना बघायची तिची फार इच्छा. चाकाची खुर्ची पुलाखालून कशी जाणार? लिनेटने बटण बंद केलं, हाक दिली, पूल उचलला... आणि इंजिन थांबलंच नाही! उघड्या कडेवरून ते थेल्माच्या डोळ्यांदेखत फरशीवर आदळलं.

"बटण विसरलीस," क्लॅरी म्हणाला होता.

पाण्याच्या टाकीच्या आडोशाला तिचा धाकटा भाऊ डॅरिल, चांगला तिशीतला, तिच्यापाशी रडत आला होता. बटण बंद झालं की त्याची गाडी मध्येच अडायची, म्हणून त्याने बटणाला वळसा घालून चोरून वायर टाकली होती. "बाबा मला हाकलून देतील, ताई. मी काढतो ती, शपथ." आणि लिनेट बापासमोर जाऊन म्हणाली होती, "विसरले, बाबा."

त्याच संध्याकाळी क्लॅरीने पूल स्क्रूने पक्का केला. तेव्हापासून सगळे वाकू लागले. आई गेली, डॅरिल पर्थला गेला तो नाताळच्या फोनपुरता उरला. ती मात्र बापाचं पथ्यपाणी बघत तिथेच राहिली... आणि रुळांना तिने पुन्हा बोटही लावलं नाही.

"लिन, स्क्रू ड्रायव्हर आण," आज क्लॅरी अचानक म्हणाला. "पूल उघडतो. मरायच्या आधी एकदा आत जाईन म्हणतो."

तिची नजर बटणाकडे गेली. डॅरिलने ती वायर काढली असेल? "राहू द्या ना, बाबा. बाहेरून दिसतंय की सगळं."

"का? परत विसरशील अशी भीती वाटते?"

एवढ्या वर्षांनीही टोमणा ताजाच होता. तिने स्क्रू ड्रायव्हर आणून दिला.

क्लॅरीने वॉकरला रेलून स्क्रू काढले. सगळ्यांना दिसेल असं बटण बंद केलं. "पूल वर!" अशी जुन्या ड्रायव्हरची खणखणीत हाक दिली आणि पूल उचलला. मर्व्हची गव्हाची मालगाडी वळणावरून येत होती. ती आता थांबेल, मग थांबेल... पण ती आली तशी येतच राहिली. लिनेटने झेप घेतली आणि कडेवरून निसटलेलं इंजिन ओंजळीत झेललं.

क्लॅरी बटणाकडे बघत राहिला.

"मी बंद केलं होतं, मर्व्ह."

"मी बघितलं की. बंदच आहे."

म्हातारा हळूहळू लेकीकडे वळला. "लिन... त्या दिवशी तूही बंद केलं होतंस."

तिने मान खाली घातली. मर्व्हने दांडीचा आरसा फळीखाली धरला. "बटणाला वळसा घालून वायर टाकलीय रे कुणी. आणि कथलाचा जोड बघ, शेळीच्या लेंडीएवढा."

असा जोड कोण लावायचं, ते क्लॅरीला सांगावं लागलं नाही. त्यावरूनच तर तो पोराला रागवायचा. तो मटकन खुर्चीत बसला.

"बोलली का नाहीस, पोरी?"

"आई अंथरुणाला खिळली होती, बाबा. आणखी एक चूक केली तर त्याला घराबाहेर काढीन, असं तुम्ही म्हणाला होतात. तिला ते सोसलं नसतं."

"गेलाच की तो शेवटी."

"हो. पण आई गेल्यावर गेला."

क्लॅरीचा चेहरा वेडावाकडा झाला. "आणि मी तुला वीस वर्षं वाकवलं... ती काय म्हणत असेल मला!"

"काही नाही म्हणणार. जाऊ द्या आता." तिचे डोळे भरून आले, पण रडायचंही त्राण नव्हतं. "मी फार दमले हो, बाबा."

तिने इंजिन मर्व्हच्या हाती दिलं, रिकामे कप गोळा केले आणि ट्रे घेऊन ती दाराशी आली. तिथे सवयीने तिची पाठ वाकली...

"लिन."

वॉकर सोडून क्लॅरी चौकटीला टेकून उभा होता. पूल त्याने दोन्ही हातांनी वर धरला होता.

"पूल वर आहे, बाळा. सरळ ये."

ती सावकाश ताठ झाली. पाठ दुखलीच. मग ट्रे सांभाळत ती त्याच्यासमोरून उभ्याने बाहेर गेली.