टाकून द्यायचं पाणी

भर पावसात सांगलीहून महाबळेश्वरला कोणी शहाणा माणूस जात नाही. महावीर अण्णा आणि त्यांची सून शालन गेले, तेही कपभर चहा प्यायला.

अण्णांचं सांगलीत चहापत्तीचं दुकान. कुठल्या मळ्याची पत्ती कुठल्या पत्तीत किती मिसळायची, हे चाळीस वर्षं त्यांच्या जिभेने ठरवलं. जीभ थकली तेव्हा चाखायचा चमचा त्यांनी मुलाला डावलून सुनेच्या हाती दिला, कारण घरात खरं नाक तिचंच होतं. डबा नुसता हुंगून ती पत्तीचा डोंगर ओळखायची. मग तीन वर्षांपूर्वी तिला ताप आला आणि वास जो गेला तो गेलाच. मिरजेच्या डॉक्टरांनी हात टेकले. कापूर काय नि कोळसा काय, तिला सगळं सारखंच. सासऱ्याने आणि सुनेने ही गोष्ट दाबून ठेवली होती, पण यंदा मिश्रण फसलं, गिऱ्हाईक कुरकुरलं आणि अण्णा म्हणाले, "दिवाळीपातुर बघू. न्हाई जमलं तर दुकानाला कुलूप घालू." त्या रात्री शालन उशीत तोंड खुपसून रडली. चमचा सोडायचा म्हणजे तिला जगणंच सोडल्यासारखं वाटत होतं.

अशात साताऱ्याच्या वीरधवलचा फोन आला. महाबळेश्वरात त्याचं हॉटेल, अण्णांचं जुनं गिऱ्हाईक. त्याला चीनहून कोणीतरी काडेपेटीएवढी पुडी पाठवली होती. ऊलाँग, म्हणजे अर्धवट आंबवलेला चहा, आणि तोही एकाच म्हाताऱ्या झाडाचा. शेजारच्या झाडाचं पानसुद्धा त्यात येऊ देत नाहीत म्हणे. "अण्णा, असला चहा जाणकारानंच प्यायचा," तो म्हणाला. अण्णांनी सुनेकडे पाहिलं. बुडत्याला काडीही पुरते, आणि ही तर काडेपेटी होती.

ते पोचले तेव्हा तीन वाजले होते. हे दोघे जैन, दिवस मावळल्यावर काही तोंडात घालत नाहीत, म्हणून दुपारचीच वेळ ठरलेली. हॉटेल पावसाळ्यापुरतं बंद. जेवणाच्या दालनात खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या आणि खिडकीबाहेर धुकं इतकं दाट की हात घातला तर दिसेनासा व्हावा. ओलीचा कुबट वास असणार, हे शालनला नुसतं माहीत होतं.

वीरधवलने झाकणाच्या वाटीत ती काळपट, पिळलेली पानं टाकली, वर कढत पाणी ओतलं आणि लगेच ते कपात निथळून काढलं.

"हे पयलं पाणी टाकायचं असतं, वहिनी. चिठ्ठीत लिवलंय. पिणाऱ्याचं न्हाई त्ये."

"मग कुणाचं?"

"त्ये काय लिवलं न्हाई... नुसतं मातीत सांडा म्हणलंय."

त्याने खिडकी उघडली आणि शालनच्या अंगावर सर्रकन काटा आला. धुक्याचा नव्हे, कढत पाण्याचा. त्यांच्या घरात उकळतं पाणी कधी मातीत ओतत नाहीत.

"आवं भाऊ, थांबा! गवतातले जीव भाजत्याल की!"

तिने कप हिसकून घेतला. निवेपर्यंत ठेवता आला असता. पण चहा टाकायचाच कशाला, असं मनात येऊन तिने तो घोटाघोटाने पिऊन टाकला.

पाऊस एकदम थांबला.

आधी भिजल्या खडकाचा वास आला. मग लाकडाच्या धुराचा. मग कुठल्या तरी फुलाचा, इतका गोड की तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तीन वर्षांनी! ती आनंदाने ओरडणार, तेवढ्यात आणखी एक वास आला. डोक्याला चोपडलेल्या तेलाचा, घामेजल्या सुती कापडाचा. बाईमाणसाचा. अगदी डाव्या खांद्यामागून.

"अण्णा... माझ्या मागं कोण हाय?"

"कोण न्हाई, पोरी..."

डाव्या कानाशी ऊन श्वास लागला. मागच्या टेबलावरची एक खुर्ची किंचित करकरली. वीरधवलचा चेहरा पांढराफटक पडला होता. शालनला भीती वाटत होती, पण मागे वळलं तर वास जाईल याची भीती त्याहून मोठी होती. ती वळली नाही.

"दुसरं पाणी घाला," ती म्हणाली.

एकामागून एक सहा पाणी झाली. प्रत्येक घोटाला तो श्वास जवळ येत गेला आणि शालन बोलत गेली. "झाड डोंगराच्या सावलीच्या अंगाला हाय. बुंध्याला शेवाळ हाय. पान निखाऱ्यावर तीनदा भाजलंय, तिसऱ्यांदा जरा जास्तीच."

वीरधवलने चिठ्ठी पुन्हा उघडली. "तीनदाच लिवलंय, वहिनी. आन् सावलीची बाजूबी."

अण्णा लहान पोरासारखे हुंदके देऊन रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात वीस कप मांडले. शालन एकदाही चुकली नाही. मिश्रण दुपारच्या आत बसलं. कुरकुरणारी गिऱ्हाइकं चाखून गप्प झाली आणि अण्णांनी बाजारभर पेढे वाटले. शालनची मान इतकी ताठ कोणी पाहिली नव्हती.

दिवस मावळायच्या आधी अण्णा हळूच म्हणाले, "पोरी, चमचा डाव्या हातात कवापासनं?"

तिने खाली पाहिलं. खरंच. तिने चमचा उजव्या हातात घेतला आणि बटण बंद करावं तसा वास गेला. समोरचा चहा नुसतं गरम पाणी. तिने चमचा पुन्हा डावीकडे घेतला. आधी ते केसांचं तेल, मग चहा.

शालन हसली.

"असू द्या, अण्णा. वास आला न्हवं? लय झालं."

तिने डाव्या हाताने पुढचा कप ओढला आणि मान वर करून त्याचं गाव सांगितलं. अण्णा मात्र तिच्या मांडीवरच्या उजव्या हाताकडे पाहत राहिले. त्याची दोन बोटं आपोआप हलत होती, चहाचं पान खुडावं तशी.