खिंडीत शेवटी चालणारी

डोंगराच्या अलीकडे एक घर होतं आणि डोंगराच्या पलीकडे एक घर होतं. अलीकडच्या घरात एक सासू होती आणि एक सून होती. पलीकडच्या घरात त्या सासूची लेक होती, लेकीचा नवरा होता आणि एक रिकामा पाळणा होता. मधे खिंड. इतकी उंच, की तिथे झाड नाही, गवत नाही, पाखरूसुद्धा वरून जाताना घाई करतं.

अलीकडच्या घरातली सून म्हणजे मी. सांगतेय ते माझ्या सासूचं. दिव्याची वात जरा वर करा आणि मधून मधून हुंकार देत जा, म्हणजे जागं कोण आहे ते मला कळेल.

सासू माझी सुईण. मोठमोठे मिशीवाले तिच्यापुढे तोरा मिरवायला लागले की भर रस्त्यात म्हणायची, "गप रे. तुला उलटा धरून पहिला फटका मी मारलाय." आणि ते गप बसायचे. अशी बाई. पण घरोघरी बाळं रडवणाऱ्या या बाईला स्वतःच्या लेकीच्या वेळी मात्र दोन्ही खेपेला उशीर झाला. दोन्ही बाळं पायाळू आली, दोन्ही न रडताच गेली. त्याबद्दल ती कधी अवाक्षर बोलली नाही. फक्त पलीकडच्या घराचा विषय निघाला की हात धुवायला उठायची. कोरडे, स्वच्छ हात, पण धुवायची.

तिसऱ्या खेपेला ती आधीच जाऊन राहणार होती. बोचकं बांधून तयार होतं. आणि नेमका ताप आला. छातीत असा घरघराट, जसं झाकणाखाली पाणी उकळतंय.

त्या सकाळी मी तिची छाती शेकायला वीट तापवत होते. दारात मीठवाला उभा राहिला. खिंड उतरून आलेला, दाढीत अजून बर्फाचे कण.

"तुमच्या लेकीला कळा लागल्यात," तो म्हणाला. "थांबून थांबून येताहेत. मूल आडवं आहे, असं ती स्वतःच म्हणते."

सुईणीची लेक. तिला कळणारच. सासू अंथरुणात उठून बसली.

"सूनबाई, बूट दे माझे."

"आई, अंगात ताप आहे तुमच्या."

"अंगात आहे ना? पायात नाही. बूट दे."

"अहो, ढग उतरताहेत वर," मीठवाला म्हणाला.

"तू मीठ वीक बाबा. ढगांचं मी बघते."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, म्हणतात ते हिच्याकडे बघूनच म्हणत असावेत. नवरा माझा खाली खेचरं घेऊन गेलेला. तिला एकटीला कशी सोडणार? मी पण शाल गुंडाळली.

"चल," ती म्हणाली. "कुरकुर ऐकायला कोणीतरी हवंच."

आता खिंडीचं चालणं कसं असतं ते सांगते, नाहीतर पुढचं उमजायचं नाही. वर गेलं की बोलायचं नाही. बोलायला जो श्वास लागतो तोच चालायला लागतो, आणि तिथे हवा कंजुषाच्या हातातल्या दाण्यासारखी, मोजून मिळते. म्हणून पुढच्याने काठीचं लोखंडी टोक दगडावर दोनदा ठोकायचं. म्हणजे, आहेस का? मागच्याने एकदा ठोकायचं. आहे. उत्तर आलं नाही तर पुढच्याने मागे फिरायचं, मग पुढे सोनं का सांडलेलं असेना. आणि दुसरी गोष्ट, जो दमला तो पुढे. धडधाकट माणूस शेवटी. कारण खिंड माणूस उचलते ते शेवटचं.

अर्थात मी तिला पुढे केलं. ती पुटपुटली, "कालची पोर मला पुढे घालतेय," पण चालू लागली. ठक ठक. मी मागून, ठक.

झाडं संपली. मग झुडपं संपली. मग नुसते दगड, त्यांच्या सांध्यांत जुना बर्फ. सासू दर चार पावलांनी काठीवर ओणवी व्हायची, खोकायची, तोंड पुसायची आणि पुन्हा पाऊल टाकायची. एकदाही मागे वळून बघितलं नाही तिने. तिच्या पाठीकडे बघत मी चालत होते आणि मनात म्हणत होते, ही बाई कशाची बनलीय?

आणि गंमत बघा, कोसळले मी. चांगली धडधाकट, तरणीताठी मी. डोक्यात कोणी खिळा ठोकावा तसं झालं. नखं जांभळी पडली. पोटात ढवळलं आणि दगडाला धरून मी ओकले. ओकायलाही दम पुरेना. सासू परत आली, माझं तोंड पुसलं, साखरेचा खडा जिभेवर ठेवला.

"लाज नको वाटून घेऊ. उंची लागली की भलेभले ओकतात. आता पुढे हो."

"पण ताप तुम्हाला..."

"ओकलं कोण?"

"मी."

"मग दमलं कोण? हो पुढे."

आणि तापाने फणफणलेली माझी सासू शेवटच्या जागी जाऊन उभी राहिली. जशी ती जागा तिच्या नावाची होती.

मग ढग उतरला. लोक म्हणतात भीती अंधारात असते. मी सांगते, ती पांढऱ्यातही असते. भर दुपार होती, सगळीकडे उजेड होता, आणि स्वतःचा हात दिसत नव्हता. वारासुद्धा थांबला. माझा श्वास मला दुसऱ्या कोणाचा वाटावा असा कानात वाजत होता. मी दोनदा ठोकायची. मागून एक ठक यायची. तेवढ्या एका आवाजाला धरून मी चालत होते, जसं आंधळ्याने भिंत धरून चालावं.

वरची शिळा आली, जिथून उतार लागतो. मी ठोकलं. ठक ठक.

मागून आलं, ठक.

आणि जरा थांबून, आणखी मागून... ठक.

मला वाटलं कान वाजताहेत. ढगात आवाज दबतो, फिरून येत नाही, हे मला माहीत होतं. तरी पुन्हा ठोकलं. एक ठक जवळून. एक लांबून.

मी जागीच थिजले. पांढऱ्यातून सासूची आकृती हळूहळू घट्ट होत आली. तोंड राखेच्या रंगाचं, ओठ फुटलेले.

"ऐकलंत?" मी कुजबुजले.

"ऐकलं."

"कधीपासून?"

"तू पुढे झालीस तेव्हापासून."

"माणूस आहे?"

तिने जरा विचार केला. "माणूस असतं तर इतक्या वर एकदा तरी खोकलं असतं."

मी तिचा हात धरला, "आई, पळू या..."

"पळायला श्वास आहे तुझ्याकडे? माझ्याकडे नाही." मग ती वळली, त्या पांढऱ्याकडे तोंड करून उभी राहिली, आणि अडून बसलेल्या बाळंतिणीशी बोलायची ना, अगदी तशा आवाजात म्हणाली, "हे बघ, कोण असशील ती. माझी लेक अडलीय. मला थांबता यायचं नाही. उत्तर देतेयस म्हणजे आमच्या रांगेत आहेस. चालायचं तर चल. पण माझ्या सुनेला हात लावायचा नाही."

पलीकडून काही आलं नाही. फक्त वास आला. उकळलेलं पाणी, साबण, रक्त, दूध. बाळंतिणीच्या खोलीचा वास, जिथे चूल पेटत नाही अशा जागी.

आम्ही उतरू लागलो. मला वाटलं, आता निभावलं. पण उतारावर शरीर दगा देतं. मी ठोकलं आणि जवळची ठक आलीच नाही. लांबची आली. मी धडपडत मागे गेले. सासू एका दगडाला टेकून बसली होती. डोळे अर्धे मिटलेले, चेहऱ्यावर चक्क हसू. खिंडीत बसलेला माणूस हसला की समजावं, आता तो उठायचा नाही.

"किती मऊ आहे गं इथे," ती म्हणाली. "तू जा. मूल आडवं असेल तर... बाहेरून दाबायचं नाही, कळ ओसरू द्यायची, मग तळहाताने..."

"मला नाही येत! मला नाही येणार, आई! उठा!"

मी ओढलं, हलवलं, रडले. एवढीशी बाई, पण डोंगराएवढी जड झाली होती. आणि मी रडत असताना, तिच्या अगदी पाठीमागे, एका हाताच्या अंतरावर...

ठक ठक.

दोनदा. पुढच्याने विचारायचं ते, मागून कोणीतरी विचारत होतं. तिथे मी बघितलं नाही. तुमच्यापैकी कोणी बघितलं असतं तर त्याने हात वर करावा.

ठक ठक.

सासूचा हात हलला. आयुष्यभराची सवय. बोटं काठीवर सरकली, काठी उचलली गेली, आणि एकदा दगडावर पडली. ठक. आहे.

तिने डोळे उघडले. "विचारलंय ना कोणीतरी," ती म्हणाली, "मग आहे म्हणायला उठून उभं राहायला नको?" आणि उठली. काठीवर सगळा भार टाकून, कण्हत, मला एक शिवी देत, उठली. माझा जीव परत आला तो त्या शिवीने.

तिथून खालपर्यंत ती कशी चालली, ते मी पाहिलंय म्हणून सांगते. कोणी सांगितलं असतं तर माझाही विश्वास बसला नसता. खोकल्याबरोबर तांबडं पडत होतं ते ती बर्फाने झाकायची, मला दिसू नये म्हणून. पुढे व्हा म्हटलं तर ऐकेना. "तू पुढे हो," एवढंच. तिच्या मागची ठक शेवटच्या वळणापर्यंत आमच्याबरोबर होती. मग घराचा धूर दिसला आणि ती ठक थांबली.

जावई आरागिरणीत कामाला, भुशाने माखलेला, तसाच दारात उभा.

"पाणी उकळून ठेवलंय," तो म्हणाला.

"कोणी सांगितलं?" सासूने विचारलं.

"हिनेच आतून ओरडून सांगितलं. म्हणाली, आई आता उताराला लागली."

सासूने बाह्या वर केल्या, कोपरापर्यंत हात धुतले. ज्या हातांना काठी पेलवत नव्हती ते हात लेकीच्या पोटावर ठेवले तेव्हा दगडासारखे स्थिर झाले. कळ ओसरायची, की ती तळहाताने हलकेच सरकवायची. पुन्हा थांबायची. मी दिवा धरून उभी. दिवा थरथरत होता, ती नाही. मूल फिरलं. डोक्याकडून आलं. मुलगी. आणि अशी रडली, अशी रडली, की बाहेर जावई लाकडाच्या ढिगावर बसला आणि तोही रडायला लागला.

लेक उशीवर डोकं टेकून हसत होती. "वहिनी," मला म्हणाली, "ती बाई कुठे गेली?"

"कोण बाई?"

"दुपारपासून माझा हात धरून बसली होती ती. काय गार हात गं तिचा! सारखी म्हणायची, जोर लावू नकोस, आई खिंडीत आहे, ती येईपर्यंत धरून ठेव. तुम्ही दारात आलात आणि ती उठली. म्हणाली, मी निघते, माझं एक अजून मागे राहिलंय."

दुपारपासून. दुपारी तर ती आमच्या मागे ठोकत होती.

मी सासूकडे पाहिलं. तिने बाळ पुसलं, गुंडाळलं, लेकीच्या कुशीत दिलं. मग जावयाला म्हणाली, "दाराला आज कडी घालू नका."

"थंडी येईल, आई. बाळ आहे."

"बाळाला मी बघते. कडी नको. मागे राहिलेल्याला घेऊन ती येईल."

मग तिचा ताप उतरला. हो, त्याच रात्री. औषध नाही, शेक नाही, लाकडाच्या ओंडक्यासारखी ती झोपली आणि सकाळी चहा मागत उठली. ती मुलगी वाढली, तिच्या पाठीवर दोन भाऊ झाले, एक बहीण झाली. जावयाने पुढे स्वतःची आरागिरणी टाकली. ज्या घरात लोक आवाज खाली करून बोलायचे, त्या घरात आता एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू येत नाही, इतकी पोरं. पाळणा कधी रिकामा राहिला नाही.

पण त्या सकाळी सगळ्यांच्या आधी मी उठले होते. दार लोटलेलंच होतं. बाहेर अंगणात ताजा बर्फ पडलेला, सपाट, त्यावर एक पाऊल उमटलेलं नव्हतं. आत फरशीवर, पाळण्याशी, ओली पावलं होती. दोन, बाईची, बोटं पाळण्याकडे. आणि त्यांना चिकटून आणखी दोन. ती इतकी लहान होती, की त्या वयाचं लेकरू अजून चालत नाही.

सासू माझ्यामागे येऊन उभी राहिली. मग तिने फडकं घेतलं, वाकली, मोठी पावलं पुसली. लहान पुसायची वेळ आली तेव्हा मात्र तिने हात मागे घेतला आणि फडकं बाजूला ठेवलं.

"राहू देत ती," ती म्हणाली. "वाळतील तेव्हा वाळतील."

पाळण्यात बाळ पोटभर पिऊन झोपलं होतं, मुठी सैल सोडून. आणि पाळणा, कोणी हात न लावता, हळूहळू हलत होता.