झंगच्या मातीची पेटी

त्या मंगळवारी दुपारी मी नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेपला फक्त लेबलं चिकटवायला गेले होते. स्टेशनपासून सायकलने दहा मिनिटांवर आमच्या संग्रहालयाचं गोदाम आहे. खिडकी एकही नाही. हवा कोरडी ठेवणारी यंत्रं दिवसभर घुमत असतात. आत मी एकटीच. भूतबित मी मानत नाही, बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या घरातली आहे मी. म्हणून तर हे सांगताना भीतीपेक्षा संताप जास्त येतो. तो आधी ऐका.

चीनच्या जुन्या राज्यांच्या वस्तूंची यादी करायची, हे आमचं काम. प्रमुख अंबरीश सर, मूळचे पुण्याचे, युट्रेख्टच्या ऑफिसात बसतात. त्यांचा नियम असा, की ज्या राज्याच्या वीसपेक्षा कमी वस्तू असतील त्याचं नाव यादीतून काढायचं आणि लेबलवर छापायचं 'ओव्हरिग', म्हणजे इतर. झंग राज्याची वस्तू एकच होती. जेवणाच्या टेबलाएवढी, झाकण असलेली लाकडी पेटी. आत म्हणे त्या राज्याच्या भूमिदेवतेच्या ओट्यावरची माती.

पेटीसोबतचं जुनं कार्ड वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. सव्वीसशे वर्षांपूर्वी सुंग राज्याच्या बड्या राजाने सभा बोलावली. झंगचा राजा आला, पण म्हणे उशिरा आला. तर त्याला धरून परक्या देवतेपुढे जनावरासारखा बळी दिला! का, तर बाकीच्यांना वचक बसावा म्हणून. पुढे झंग शेजाऱ्याने गिळलं. हरलेल्या राज्याच्या ओट्यावर छप्पर घालायची तिकडे रीतच होती, त्याला ना ऊन लागू द्यायचं, ना पाऊस. मेलेल्याला आणखी किती मारायचं? आणि उरलंसुरलं नाव पुसायला आता आम्ही.

मी सरांना फोन लावला.

"सर, झंगचं नाव राहू द्या ना. राजा होता तो."

"प्रमिला, पेटीभर माती आहे ती. इतरमध्ये टाक आणि मोकळी हो."

"आमच्या वस्तीचंही नाव गावाच्या नकाशात नव्हतं, सर. कळतं मला."

"प्रत्येक गोष्टीत तेच आणायचं का? तुझं कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपतंय. व्हिसाही त्यावरच आहे ना? बघ बाई."

बघ बाई! जनाची नाही तर मनाची तरी? पण खरं सांगते, लाज मला माझीच जास्त वाटली. कारण फोन कानाशी असतानाच मी मुकाट्याने लेबल घेतलं, झाकणावर ठेवलं आणि तळव्याने जोर देऊन चिकटवलं.

यंत्रं थांबली. सगळी, एकदम. दिवेही गेले.

मग ओल्या मातीचा वास आला. पेटीत काहीतरी घासल्याचा आवाज झाला… आणि श्वास. तोंडात माती कोंबलेला माणूस घेईल तसा.

"सर… ऐकताय?"

"कोण आहे तुझ्याजवळ?" सरांचा आवाज अगदी खाली गेला होता.

"कोणी नाही."

"खोटं बोलू नकोस. कोणीतरी विनवण्या करतंय… भाषा कळत नाही… प्रमिला, त्याला धरलंय कोणीतरी. सोडायला सांग…"

फोन कट झाला. भीतीपेक्षा राग मोठा होता.

"बास झालं आता!" मी ओरडले. लेबल ओरबाडून काढलं, चारही कड्या उघडल्या आणि झाकण लोटून दिलं. श्वास थांबला.

मोबाइलच्या उजेडात आत पाहिलं. माती गच्च ओली होती. तिच्यात दोन गुडघ्यांचे खळगे होते, त्यांच्यापुढे कपाळाचा. शेजारी एका हाताचा ठसा होता, मनगटापर्यंत रुतलेला. राजाची मान खाली दाबताना दाबणाऱ्याने आधाराला टेकवलेला हात होता तो. बोटं बारीक, बाईची. करंगळी मधूनच बाहेर वाकलेली.

सहावीत असताना माझी करंगळी मोडली होती. ती तशीच वाकडी जुळली.

त्या मातीला मी बोटही लावलं नव्हतं. तरी मी हळूच हात उजेडात धरला… पाचही नखांत ओली माती होती.