भोपळ्याच्या फुलांचा चोर

“अगं, मुळांना पाणी घाल... पानांना अंघोळ कशाला?”

किती वर्षं झाली, तरी तो आवाज तिच्या कानात अजून ताजा आहे.

बंद कारखान्यामागची ती बाग. घर सुटलेली, मारामाऱ्यांत सापडलेली तरुण मुलं तिथे यायची, माती उकरायची, हळूहळू निवायची. विशी ओलांडलेली ती पहिल्याच दिवशी फणफणत आली आणि अख्खी झारी वेलीवर उपडी केली. पोरांनी लगेच नाव ठेवलं — ठिणगी. तिला टोकणारा होता बोका. तिच्याहून जरासा मोठा, पावलांचा आवाज न करणारा, बोलण्यात महाकंजूष. अवजारांच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे असायची. पण बाग सांभाळणाऱ्या मावशींनी त्याला बजावलं होतं, “एक भांडण झालंय. पुन्हा काही केलंस, तर तुझी जागा दुसऱ्याला.” आणि दुसरीकडे त्याला जागा नव्हतीच.

मग रोज सकाळी तिच्या झारीच्या तोटीत भोपळ्याचं एक पिवळं फूल दिसू लागलं. कधी दोन, कधी ओंजळभर.

“हे कुणी ठेवलं रे?”

“वाऱ्याने असेल.”

“वाऱ्याला देठ इतका नीट खुडता येतो?”

“सराव झाला असेल...” तो वाफ्याकडे बघत म्हणाला. कान मात्र लाल!

ती हसली. फूल वेणीत गेलं.

पण वेलींवर भोपळा काही धरेना. बोटाएवढी फळं पिवळी पडायची, गळायची. एका सकाळी मावशी वेलीपाशी उकिडव्या बसल्या.

“अरे, नरफुलं गेली कुठे? मागे बारकं फळ नसतं ना, ती! त्यांच्याशिवाय मधमाशी पराग आणणार कुठून? कुणी खुडली?”

मग बोका पुढे आला. “मी.”

“का?”

त्याने मुकाट्याने किल्ली मावशींच्या पुढ्यात ठेवली.

ठिणगी झटकन पुढे झाली. “मावशी, ती फुलं माझ्यासाठी होती. मी रोज माळत होते.”

मावशींनी भुवया उंचावल्या. “अस्सं! आणि नेमकी नरफुलंच का रे?”

“फळवाल्या फुलाला मी हातसुद्धा लावला नाही,” तो पुटपुटला. “बाकीची बिनकामाची वाटली...”

“म्हणजे हिला बिनकामाची फुलं देत होतास?”

पोरं खो-खो हसली. मावशींनाही हसू आवरेना. किल्ली त्यांनी त्याच्याकडे सरकवली. “उद्यापासून फूल उमलायच्या वेळी दोघांनी हजर राहायचं. मधमाशीचं काम तुम्ही करा.”

दुसऱ्या सकाळी दव अजून पानांवर होतं. दोघं गुडघे टेकून बसली. त्याने नरफुलाच्या पाकळ्या काढल्या, मधला दांडा तिच्या हाती दिला. तिने तो उमललेल्या फळवाल्या फुलात अलगद फिरवला. बोटांना पिवळी पूड लागली. त्याच्याही.

“काल किल्ली ठेवताना इतका पांढरा का पडलास?” तिने विचारलं. “जागा जाईल म्हणून?”

तो पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ बघत राहिला.

“नाही गं... तू दिसणार नाहीस म्हणून. मला तू आवडतेस. फार आवडतेस.”